डबा संपत का नाही? आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या एका प्रशासनबदलाचं प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका खासगी आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयाचं आहे. गाव, संस्था, माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील आणि तिथले आकडे थोडे बदलले आहेत. मी त्या काळात तिथे निवासी वैद्यकीय अधिकारी, म्हणजे आरएमओ होतो. तेव्हा हे तटस्थ माणसाचं लिखाण नाही, एवढं आधीच सांगतो. पुढे ज्या वह्यांबद्दल बोलणार आहे, त्यांतल्या बऱ्याच पानांवर सही माझी आहे.

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावापासून चार किलोमीटरवर, हायवेला लागून कॉलेज. प्रवेशक्षमता ६०. मागे तीन मजली रुग्णालय. बीएएमएसच्या विद्यार्थ्याला साडेचार वर्षांच्या शिक्षणानंतर वर्षभराची इंटर्नशिप असते आणि ती करायची तर रुग्ण हवेत, म्हणून कॉलेजला चालतं रुग्णालय असलंच पाहिजे. चालतं म्हणजे किती, तेही ठरलेलं होतं. त्या वेळी २०१६ चे किमान निकष लागू होते. २०२४ मध्ये नवी नियमावली आली, त्याच्या आधीची ही गोष्ट. ६० प्रवेशांसाठी ६० खाटा, ओपीडीत रोज सरासरी १२० रुग्ण आणि वर्षभरात सरासरी ४० टक्क्यांहून अधिक खाटा भरलेल्या. ओपीडीची सरासरी ३०० दिवसांवर काढायची, आयपीडीची, म्हणजे दाखल रुग्णांची, ३६५ दिवसांवर.

तपासणारंही बदललं होतं. आयुर्वेद कॉलेजांवर देखरेख करणारी जुनी केंद्रीय परिषद जाऊन ११ जून २०२१ पासून राष्ट्रीय आयोग आला. शिक्षकांची हजेरी आधारशी जोडलेल्या बायोमेट्रिकवर गेली. रुग्णांची हजेरी मात्र आमच्याकडे अजून वहीतच होती.

मुंबईत वरळीचं पोदार आयुर्वेद महाविद्यालय १९४१ पासून उभं आहे. तिथे रुग्ण पत्ता विचारत येतात. आमच्या दारात एसटी थांबवायला हात करावा लागायचा. शिवाय बरीच वर्षं प्राचार्य हेच अधीक्षकही होते. त्यांचा सगळा दिवस विद्यापीठाच्या पत्रांना उत्तरं देण्यात जाई. रुग्णालय चालवायचं कुणी, हा प्रश्न कुणी विचारत नसे, कारण ते आपोआप चालल्यासारखं दिसत होतं.

प्राचार्य निवृत्त झाल्यावर संस्थेने पहिल्यांदाच दोन पदं वेगळी केली. शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात प्रशासनाचं काम केलेल्या एक वैद्य अधीक्षक म्हणून आल्या. जानेवारी महिना होता. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

काय सापडलं

पहिले आठ-दहा दिवस मॅडमनी काहीच केलं नाही. सकाळी साडेआठला येऊन केस पेपरच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसायच्या. खिडकी नऊला उघडे. सव्वानऊला त्या उठून वही पाहायच्या, तर त्यात तीस-पस्तीस नावं आधीच लिहिलेली. बाकावर त्यांच्याशिवाय चारच माणसं बसलेली, त्यांतला एक आमचा वॉचमन.

मग त्या औषधालयात गेल्या. कायचिकित्सेच्या, म्हणजे सर्वसाधारण औषधोपचाराच्या, ओपीडीत संधिवात आणि आमवाताचे रुग्ण कागदोपत्री भरपूर. जवळपास प्रत्येकाला योगराज गुग्गुळ आणि महारास्नादि काढा. मॅडमनी एका केस पेपरच्या पाठीवर पेनने हिशोब मांडला, मी शेजारी उभा होतो. रोज तीस जणांना योगराज. दोन-दोन गोळ्या दोन वेळा, सात दिवस, म्हणजे माणशी २८. दिवसाला ८४०. फळीवर हजार गोळ्यांचा डबा होता. त्यांनी फार्मासिस्टला विचारलं, "हा कधी उघडला?"

तो म्हणाला, "दिवाळीच्या आसपास, मॅडम."

संक्रांत होऊन गेली होती.

आयपीडीची गोष्ट त्यांना स्वयंपाकघरात कळली. वॉर्डच्या वहीत रोज २५, २६, कधी २७ रुग्ण. साठाचे ४० टक्के म्हणजे २४. त्याच्या किंचित वर राहील इतकेच, कधी पस्तीस नाहीत की कधी पंधरा नाहीत. मावशींना त्यांनी विचारलं, कणीक किती माणसांची भिजवता? मावशी म्हणाल्या, आठ-नऊ. पुढचा प्रश्न आयुर्वेद शिकलेल्या माणसालाच सुचेल असा होता. वहीत त्या महिन्यात विरेचनाचे, म्हणजे जुलाब देऊन शोधन केलेले, चौदा रुग्ण होते. विरेचनानंतर संसर्जनक्रम लागतो, म्हणजे पातळ अन्नापासून हळूहळू नेहमीच्या जेवणावर यायचं. पहिल्या अन्नकाळाला पेया, मग विलेपी, मग यूष. चौदा माणसांचं विरेचन झालं, तर पेया कितीदा शिजली?

"पेया म्हणजे ती पातळ पेज ना? पोरांची परीक्षा होती तेव्हा केली होती एकदा."

इथे माझ्या बचावाचं थोडं सांगतो, जमेल तेवढं प्रामाणिकपणे. हे कुणी एका दिवसात ठरवून केलेलं नव्हतं. एका वर्षी व्हिजिटच्या, म्हणजे वरून येणाऱ्या तपासणीच्या, तोंडावर आकडे कमी पडले म्हणून भरले. पुढच्या वर्षी ऐन वेळी धावपळ नको म्हणून महिनाभर आधीपासून भरले. मग ते रोजचं काम झालं आणि इंटर्न्सच्या पोस्टिंगमध्ये बसलं. सकाळी आलेला इंटर्न केस पेपरचा गठ्ठा घेऊन बसायचा. नाव, वय, गाव, नाडी, मल, मूत्र, जिव्हा. मनगट न धरता नाडी लिहायची इतकी सवय झाली होती, की समोर खरा रुग्ण बसला तरी पोरं आधी "वातकफ" लिहून मोकळी व्हायची.

या सगळ्यात एकच वही खरी निघाली, शल्यतंत्राची, म्हणजे शस्त्रक्रियेच्या विभागाची. भगंदराच्या, म्हणजे गुदाजवळ नळीसारखी जखम झालेल्या, रुग्णाला बांधलेला औषधी धागा म्हणजे क्षारसूत्र. ते आठवड्याला बदलावं लागतं. त्या धाग्याला बांधलेला माणूस खोटा असू शकत नाही. आमच्याकडे धागा तिथेच बनायचा. स्नुहीचा चीक, अपामार्ग क्षार आणि हळद यांची एकूण एकवीस पुटं, म्हणजे थर, चीक नुसता अकरा वेळा, क्षारासह सात आणि हळदीसह तीन. तिथले सर रागीट होते पण धागा स्वतः तपासायचे. त्यांची ओपीडी मात्र दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात. भगंदराचे रुग्ण दोन जिने चढून जायचे. आणि तळमजल्यावर, दारातच, ज्या विभागात कोणी फिरकत नव्हतं त्याची मोठी खोली होती. तिथले प्रमुख ज्येष्ठ, म्हणून.

समोर असलेले पर्याय

फेब्रुवारीत मॅडमच्या केबिनमध्ये चौघे बसलो. मॅडम, नवे प्राचार्य, संस्थेचे हिशोबनीस आणि मी.

एक, आहे ते चालू ठेवायचं आणि खरे रुग्ण वाढतील तसे कागदी कमी करत जायचे. प्राचार्यांचा कल इकडे होता. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण खऱ्या-खोट्याची सरमिसळ असलेल्या वहीत खरे किती वाढले हे मोजायचं कसं, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा पर्याय हिशोबनिसांचा. दोन वह्या, आतली खरी आणि बाहेरची बरी. हे मलाही पटलं होतं, आणि मी तसं बोललोही. मॅडम म्हणाल्या, "दोन्हींवर सही कोणाची?" मी गप्प बसलो.

तिसरा, वही त्या दिवसापासून खरी करायची आणि आकडा पडेल तो पडू द्यायचा. धोका उघड होता. वार्षिक सरासरी १२० च्या खाली जाणार, पुढच्या वर्षीची परवानगी अडकणार, ६० मुलांची फी बुडणार आणि त्याच फीवर आम्हा सगळ्यांचे पगार.

चौथा, आधी रुग्ण आणायचे, मग वही सुधारायची. शिबिरं, मोफत गाडी, गावोगाव पत्रकं. मॅडमचा आक्षेप असा की रुग्ण का येत नाहीत हे माहीत नसताना त्यांना गाडीत घालून आणलं, तर ते एकदा येतील आणि गावात जाऊन सांगतील.

शेवटी तिसरा ठरला आणि चौथ्यातला काही भाग त्याला जोडला. माझ्या मते दिशा बरोबर होती. चूक पुढच्या दोन पावलांत झाली, त्याकडे येतो.

काय केलं

गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारपासून छापील क्रमांकाचे केस पेपर आले. तीन प्रतींचे, निळ्या कार्बनसह. पहिली रुग्णाकडे, दुसरी ओपीडीत, तिसरी औषधालयात. रुग्ण स्वतः खिडकीशी उभा असल्याशिवाय पेपर फाडायचा नाही. संध्याकाळी तिन्ही गठ्ठे जुळवायचे. पहिल्या दिवशी संख्या आली ३१. आदल्या शनिवारी वहीत १२८ होते.

रुग्ण का येत नाहीत, हे शोधायला मॅडमनी कुठला फॉर्म वाटला नाही. दोन मामा आणि तीन मावशी, सगळ्या आसपासच्या गावच्या, त्यांना चहाला बसवलं. अर्ध्या तासात सगळं कळलं. डॉक्टर बारा वाजता ओपीडीतून उठून जातात. खेड्यातून येणारी गाडी साडेअकराला पोचते. औषध "बाहेरून घ्या" म्हणतात. इंजेक्शन देत नाहीत. आणि एक मावशी म्हणाली, "पोरं लई प्रश्न विचारतात मॅडम, पण हात लावून बघत नाय कोणी."

इंजेक्शनचं सोडून बाकी सगळ्यावर काम सुरू झालं. ओपीडीची वेळ एसटीच्या वेळेला बांधली. बाजाराच्या दिवशी संध्याकाळची ओपीडी. लागणाऱ्या वीस-बावीस औषधांची यादी केली, ती कधीच संपू द्यायची नाहीत. बाकी शेकडो औषधांच्या बाटल्या फळीवर नुसत्या व्हिजिटपुरत्या होत्या. क्षारसूत्र तळमजल्यावर आलं. त्या एका खोलीच्या अदलाबदलीवरून जेवढं रामायण झालं तेवढं वह्यांवरूनही झालं नाही. वहीत खोटं लिहिणं सगळ्यांचं होतं. खोली एकाची होती.

पुष्य नक्षत्राचा दिवस हा आमचा खरा गर्दीचा दिवस. दर सत्ताविसाव्या दिवशी सुवर्णप्राशनाला, म्हणजे सोन्याचं भस्म घातलेले थेंब द्यायला, आया मुलं घेऊन येतात, बालरोगाच्या ओपीडीसमोर चपलांचा ढीग पडतो. आधी थेंब द्यायचे आणि पाठवायचं, एवढंच चालायचं. आता प्रत्येक मुलाचं वजन-उंची घेऊन कार्डावर लिहायला सुरुवात केली. इंटर्न्सना दिवसभर खरी मुलं हाताळायला मिळाली. शेजारची खोली स्त्रीरोगाला दिली. मुलासाठी आलेली बाई स्वतःच्या कंबरदुखीबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल वेगळी फेरी करून कधीच आली नसती. दोन पावलांवर दार उघडं दिसल्यावर येऊ लागली. ही कल्पना मॅडमची नव्हती, एका विद्यार्थिनीची होती.

एक उपाय सपशेल आपटला. वर्षा ऋतूत वात वाढतो, बस्तीला, म्हणजे औषधी एनिम्याला, काळ उत्तम, शास्त्र स्पष्ट आहे. म्हणून आषाढात बस्तीचं मोठं शिबिर लावलं, तीस खाटा तयार ठेवल्या, तेलं आणली. माणसं आली सात, सातही साठीच्या पुढची. पेरणी चालू होती. ज्याची कंबर धरली होती तो शेतकरी त्याच कंबरेने तिफणीमागे होता. शास्त्रातला ऋतू आम्हाला पाठ होता, तालुक्यातला नव्हता. पुढे सुगी आटोपल्यावर जानुबस्ती-कटिबस्ती लावली, म्हणजे गुडघ्यावर-कंबरेवर कोमट तेल धरून ठेवायचं, तेव्हा वॉर्ड पहिल्यांदा खरोखर अर्धा भरला. मावशींनी कणकेचं मोठं पातेलं माळ्यावरून काढलं.

कुठे बिघडलं

पहिली चूक सभेची. नवी पद्धत मॅडमनी सगळ्या स्टाफसमोर एकदम जाहीर केली आणि जाहीर करताना योगराजचा हिशोब फळ्यावर मांडला. हिशोब बिनतोड होता. पण समोर कायचिकित्सेचे प्रमुख त्यांच्याच इंटर्न्सच्या मागच्या रांगेत बसले होते. सर काही बोलले नाहीत. दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला, शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात गेले. रुग्ण कमी ही एक त्रुटी. आता शिक्षक कमी, ही दुसरी त्रुटी आम्ही स्वतःच्या हाताने तयार केली.

दुसरी चूक जास्त महाग पडली. संस्थेच्या अध्यक्षांना, सगळे त्यांना दादा म्हणत, ओपीडी १२८ वरून ३१ वर आल्याचं मॅडमकडून कळलं नाही, हिशोबनिसांकडून कळलं. रात्री साडेनऊला फोन आला. मी तिथेच होतो, स्पीकरवर नव्हता तरी ऐकू येत होतं. "मॅडम, तुम्हाला दवाखाना चालवायला आणलंय का बंद करायला?" दादांना खोट्या वह्या माहीत नव्हत्या असं मी म्हणणार नाही. पण माहीत असणं वेगळं आणि कुणीतरी समोर बसून आकडे सांगणं वेगळं. मॅडमचं म्हणणं, आधी विचारलं असतं तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं. शक्य आहे. तरी फेब्रुवारीच्या त्या बैठकीत पाचवी खुर्ची दादांची असायला हवी होती, असं मला आजही वाटतं. त्यानंतर औषधखरेदीची प्रत्येक फाइल आठ-आठ दिवस अडली, आणि न संपवायच्या यादीतली औषधंही एकदा संपली.

अवघड निर्णय: जुने तीन महिने

पुढच्या फेब्रुवारीत व्हिजिट ठरली. आकडे आदल्या पूर्ण वर्षाचे मागतात. पाडव्यापासून डिसेंबरपर्यंतचे खरे होते, हळूहळू चढत रोज नव्वदच्या आसपास पोचलेले. जानेवारी ते पाडवा हे तीन महिने जुन्या पद्धतीचे. त्यांचं काय करायचं?

मॅडमना लेखी द्यायचं होतं की त्या तीन महिन्यांच्या नोंदींची खात्री देता येत नाही. दादा अशा पत्रावर सही करायला तयार नव्हते. त्यांच्या वकिलाने सांगितलं होतं, असं पत्र म्हणजे कबुलीजबाब. प्राचार्य म्हणाले, तीन महिने मिळवूनही सरासरी १२० होत नाही, मग उगाच वाद कशाला?

तोडगा निघाला तो असा. मॅडमनी स्वतःच्या सहीने फक्त पाडव्यानंतरचे आकडे दिले. आधीच्या महिन्यांच्या तक्त्यावर सही ज्यांची होती त्यांचीच राहिली. आयपीडीच्या तक्त्यावर ती माझी होती. पाहणीसाठी आलेल्यांनी मला विचारलं, "जानेवारीत रोज सव्वीस रुग्ण आणि ऑगस्टमध्ये अकरा, असं कसं?" मी म्हणालो, "जानेवारीतले बरोबर नाहीत." एवढंच. त्यांनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मला हलकं वगैरे अजिबात वाटलं नाही; नोकरी जाणार असं वाटलं आणि पोटात कळ आली.

निष्पत्ती

पहिल्या यादीत आम्हाला परवानगी नव्हती. त्रुटींची नोटीस, मग दिल्लीला सुनावणी, मग सशर्त परवानगी. तोवर प्रवेशाच्या पहिल्या फेऱ्या होऊन गेल्या होत्या. नंतरच्या फेऱ्यांत आलो तेव्हा चांगल्या गुणांची मुलं दुसरीकडे गेलेली, काही जागा रिकाम्या राहिल्या. त्या वर्षी आमचे दोन पगार उशिरा झाले.

नोकरी माझी गेली नाही. मॅडमचा करार दोन वर्षांचा होता, तो पुढे वाढवला नाही. कारण लेखी काही दिलं नाही. त्यांच्या जागी आलेल्या अधीक्षकांनी छापील केस पेपर मात्र बंद केले नाहीत. एकदा तीन प्रतींची सवय लागली की औषधालयवाला बिनकार्बनचा कागद घेतच नाही, हे त्यांनाही दिसलं असावं. ओपीडी चढत गेली, पण १२० ची सरासरी गाठायला आणखी एक वर्ष लागलं, आणि त्यात क्षारसूत्र आणि पुष्य नक्षत्राचा वाटा सर्वांत मोठा.

वेगळं काय करता आलं असतं

विभागप्रमुखांशी एकेकट्याने, त्यांच्या खोलीत बसून बोलता आलं असतं. योगराजचा हिशोब सरांना एकट्याला दाखवला असता, तर माझा अंदाज आहे की त्यांनी स्वतःच वही मिटली असती. ते वाईट वैद्य नव्हते.

दादांसमोर जाताना नुसती अडचण न नेता, परवानगी एक वर्ष अडकली तर किती पैसे लागतील याचा कागद नेता आला असता. तो हिशोब शेवटी करावा लागलाच, पण सुनावणीच्या आदल्या आठवड्यात, घाईत.

पाडव्यापर्यंत थांबणंही नडलं. वर्षाची मोजणी जानेवारीला सुरू होते. मॅडम जानेवारीतच आल्या होत्या आणि डबा त्यांना पहिल्या पंधरवड्यात दिसला होता. वही तेव्हाच खरी केली असती, तर तीन महिन्यांचा तो पेच उभाच राहिला नसता. त्या म्हणत, पुरता अंदाज आल्याशिवाय हात घालायचा नव्हता. मी हे दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलंय. मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आणि मी? पहिल्याच दिवशी बाकावर बसलेल्या मॅडमना जाऊन सांगू शकलो असतो. आठ-दहा दिवस त्या वही पाहत होत्या आणि मी त्यांना चहा पाठवत होतो.

मी आता दुसरीकडे असतो. मागच्या महिन्यात एका रुग्णाला क्षारसूत्रासाठी घेऊन तिथे गेलो होतो, तेव्हा औषधालयात डोकावलो. फार्मासिस्ट तोच. फळीवर योगराजचा रिकामा डबा उलटा ठेवलेला होता, बुडाला चिकटपट्टीवर स्केचपेनने उघडल्याची तारीख. अकरा दिवसांपूर्वीची.